मुंबईची बातमी सायगावहून

आमच्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक पोस्टकार्ड जपून ठेवलेले होते. मजकूर चारच ओळींचा. "आम्ही खुशाल आहोत. काळजी करू नये. राहण्याची जागा बदलली आहे. बाकी भेटीअंती." लिहिणारा आजीचा थोरला भाऊ, म्हणजे आमचे मामाआजोबा. ते मुंबईला मस्जिद बंदराजवळच्या एका वखारीत हमालीला होते. पत्र १९४४ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीचे. आजीला वाचता येत नव्हते. शाळेतल्या गुरुजींनी ते दोनदा वाचून दाखवले, तरी तिचे समाधान होईना. "जागा का बदलली? भाडं तर वेळेवर देत होता की!" एवढेच ती विचारत राहिली.

त्याआधीचे दहा-अकरा दिवस घरात चूल नीट पेटली नव्हती, असे आजी सांगायची. गडहिंग्लजच्या बाजारातून कुणीतरी बातमी आणली होती की जपानने मुंबईवर बॉम्ब टाकले आणि सगळे बंदर बुडाले. दुसरा म्हणे, बॉम्ब नव्हे, समुद्राला भूकंप झाला. तिसरा म्हणे, काही झालेले नाही, गप्प बसा, उगाच पोलीस येतील. खरे काय ते सांगणारे कुणीच नव्हते. मामाआजोबा ज्येष्ठात गावी आले, तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची कातडी भाजून आकसलेली होती. तेव्हा कुठे घरच्यांना कळले की जागा बदलली याचा अर्थ जागा जळाली असा होता.

आपल्या संकेश्वर, हुक्केरी, निपाणी, गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातून मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि वखारीत गेलेली माणसे घरोघरी होती. तेव्हा आपला बेळगाव जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता. मुंबई आपली राजधानी होती आणि पोट भरण्याची जागाही. त्या मुंबईत १४ एप्रिल १९४४ रोजी जे घडले, त्याची हकीकत आता बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते. पण त्या घटनेची बातमी सरकारने कशी हाताळली, ती गोष्ट मागे पडली आहे. आजच्या काळातही ती उपयोगी आहे, म्हणून हा लेख.

जहाज आणि त्याच्या पोटातला माल

जहाजाचे नाव 'फोर्ट स्टिकीन'. कॅनडात १९४२ साली बांधलेले, सात हजार टनांवरचे मालवाहू जहाज. २४ फेब्रुवारी १९४४ रोजी ते इंग्लंडच्या बर्कनहेड बंदरातून निघाले आणि जिब्राल्टर, पोर्ट सैद, कराची असे टप्पे घेत १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत लागले. त्यात सुमारे १,३९५ टन दारूगोळा होता. सुरुंग, पाणतीर, तोफगोळे असा सगळा युद्धाचा माल. त्यांपैकी २३८ टन तर अत्यंत संवेदनशील वर्गातला. शिवाय ३१ पेट्यांत बंद केलेले ब्रिटिश सरकारचे सोने, त्या काळच्या भावाने जवळजवळ नऊ लाख पौंडांचे.

कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गासड्या भरल्या. सिंध-पंजाबातला कापूस रेल्वेने मुंबईला आणायला त्या वेळी बंदी होती, म्हणून तो समुद्रमार्गे आणणे व्यापाऱ्यांना भाग होते. त्याशिवाय वंगणाचे तेल, लाकूड, भंगार लोखंड, माशांचे खत. ज्या कप्प्यात कापूस, त्याच कप्प्यात त्याच्या वर दारूगोळा. घरात घासलेटच्या डब्यावर कुणी गवताची पेंढी ठेवत नाही. मग दारूगोळ्याखाली कापूस? जहाजाचे कप्तान नायस्मिथ यांनी या मालाच्या मिसळीबद्दल आपला विरोध नोंदवलेला होता. पण लढाईचे दिवस होते. तेव्हा नोंद कागदावर राहिली आणि माल जहाजात चढला.

बंदराचा साधा नियम असा की पोटात स्फोटक माल असलेल्या जहाजाने धोक्याचा लाल बावटा लावायचा. तो बघून शेजारचे जहाज सावध होते, धक्क्यावरचा हमाल विडी विझवतो आणि बंबवाले तयारीत राहतात. 'फोर्ट स्टिकीन'वर तो बावटा लागलेलाच नव्हता. स्फोटके आधी उतरवायला हवी होती. तीही जहाज लागून अठ्ठेचाळीस तास झाले तरी बरीचशी आतच होती.

दोन तास

१४ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या कप्प्यातून धूर येताना दिसला. पाणी मारणे सुरू झाले. नऊशे टनांहून जास्त पाणी ओतले, पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडेना. आतल्या उष्णतेने जहाजाभोवतालचे पाणी उकळू लागले होते. पुढे चौकशीत असे दिसून आले की शहराच्या अग्निशमन दलाला खबर द्यायलाच उशीर झाला होता आणि कप्प्यात वाफ सोडून आग कोंडण्याचे जे साधन होते, तेही वापरले गेले नव्हते.

दुपारी ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा-बारा किलोमीटरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. 'जलपद्म' नावाचे चार हजार टनांच्या घरातले जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले. ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा स्फोट झाला, तो पहिल्यापेक्षा मोठा. पेटलेल्या कापसाचे गोळे मांडवी, मस्जिद बंदर, कर्नाक बंदर या भागांतल्या चाळींवर आणि वखारींवर पाऊस पडावा तसे पडले. कुणाच्या छपरातून सोन्याची वीट घरात आली. एका पारशी गृहस्थाने अशी वीट सरकारला परत केल्याची हकीकत प्रसिद्धच आहे. पण बहुतेकांच्या छपरातून आगच आली.

गोदीशी आणि बंबखान्याशी संबंधित २३१ माणसे मेली. त्यांत ६६ बंबवाले होते. पहिला स्फोट होईपर्यंत ते नळ्या धरून धक्क्यावर उभेच होते. बाहेरचे नागरिक पाचशेच्या वर गेले. काही अंदाजांप्रमाणे एकूण आकडा तेराशेपर्यंत जातो. अडीच हजारांवर जखमी, ऐंशी हजारांच्या घरात बेघर. तेरा जहाजे गेली. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळाले, आणि तेही अशा वेळी, की मुंबईत रेशनिंग सुरू होऊन वर्ष होत आले होते आणि बंगालच्या दुष्काळातली माणसे अजून मरतच होती. सुमारे सहा हजार पेढ्या-दुकानांना झळ लागली आणि पन्नास हजार लोकांचा रोजगार गेला. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. नंतर आठ हजार माणसे सात महिने राबली, तेव्हा पाच लाख टनांचा ढिगारा हलला.

मामाआजोबा त्या आठ हजारांपैकी एक होते. ज्या वखारीत ते पोती वाहत, तिचीच राख त्यांनी पाट्यांतून वाहिली.

बातमीला बंदी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एवढा स्फोट लपवता येतो का? मुंबईत तर येतच नव्हता. लाखो लोकांनी आवाज ऐकला होता, धूर पाहिला होता. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या भूकंपमापकावर दोन्ही धक्के उमटले. सतराशे किलोमीटरवरच्या शिमल्यातही जमीन थरथरल्याची नोंद झाली. शिमला म्हणजे सरकारची उन्हाळी राजधानी. भूकंपमापकाच्या काट्याला भारत संरक्षण कायदा लागू नव्हता, तो वर्तमानपत्रांना होता.

१९३९ साली लढाई सुरू होताच हा कायदा आला आणि त्याखालच्या नियमांनी सरकारला कोणतीही बातमी अडवण्याचा अधिकार दिला. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनानंतर तर तो अधिकार फार सैल हाताने वापरला गेला. गांधीजींचे 'हरिजन' बंद पडले. काही पत्रांनी सेन्सॉरच्या जाचामुळे स्वतःच छपाई थांबवली. चिमूर आणि आष्टीत काय घडले, बलियात काय घडले, हे लोकांना सांगायला उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांना मुंबईत चोरून काँग्रेस रेडिओ चालवावा लागला. २७ ऑगस्ट ते १२ नोव्हेंबर १९४२ एवढेच दिवस तो चालला, आणि मग पकडला गेला. बंगालात १९४३ साली माणसे रस्त्यावर मरत होती, तरी सरकारी कागदात 'दुष्काळ' हा शब्द येऊ नये याची काळजी घेतली जात होती. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'ने २२ ऑगस्ट १९४३ रोजी मृतांची छायाचित्रे छापली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. आणि 'स्टेट्समन' हे इंग्रजांच्याच मालकीचे पत्र होते.

अशा सरकारच्या हाती १४ एप्रिलची संध्याकाळ आली. सविस्तर बातमी बाहेर पाठवायला मनाई झाली. सुधीश घटक या छायाचित्रकाराने स्फोट आणि नंतरच्या विध्वंसाचे चलच्चित्रण केले होते. ते लष्करी अधिकाऱ्यांनी जप्त केले. त्यातला काही भाग पुढे वार्तापटात दाखवला गेला, पण तो सरकारला सोयीचा वाटला तेव्हा.

आणि दुसऱ्याच दिवशी, १५ एप्रिलला, सायगाव रेडिओने या स्फोटाची सविस्तर बातमी दिली. सायगाव म्हणजे आजच्या व्हिएतनाममधले शहर. ते तेव्हा जपान्यांच्या ताब्यात होते. म्हणजे ज्या शत्रूपासून लपवायचे, त्यानेच बातमी जगाला सांगितली. ज्यांची माणसे मेली होती, त्यांच्या सरकारच्या तोंडाला मात्र कुलूप होते. बातमीदारांना सविस्तर मजकूर पाठवण्याची मुभा मिळाली ती मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. अमेरिकेच्या 'टाइम' साप्ताहिकात हकीकत आली २२ मे रोजी, आणि पाच आठवड्यांनंतरही बाहेरच्या जगाला ती नवीच होती.

आमच्या आजीला मात्र सायगाव माहीत नव्हते आणि 'टाइम'ही नव्हते. तिच्यापर्यंत पोचली ती बाजारातली आवई.

सरकारची बाजू

न्यायाने बोलायचे तर सरकारची बाजूही मांडली पाहिजे. तो काळ साधा नव्हता. जपानी फौजा इंफाळ आणि कोहिमापर्यंत आल्या होत्या. योगायोग असा की ज्या १४ एप्रिलला मुंबईची गोदी पेटली, त्याच दिवशी मणिपुरातल्या मोइरांगला आझाद हिंद सेनेने तिरंगा फडकवला. मुंबई हे लढाईचे मोठे बंदर. ते किती दिवस बंद राहणार, किती जहाजे बुडाली, किती दारूगोळा गेला, हे शत्रूला कळू नये असे कुठल्याही सरकारला वाटले असते. शत्रू जे सांगतो त्याला दुजोरा द्यायचा नाही, हाही लढाईतला एक नियम आहे.

हे सारे मान्य केले, तरी एक प्रश्न शिल्लक राहतोच. शत्रूपासून लपवायचे कारण १५ एप्रिललाच बरेचसे संपले होते. मग पुढचे तीन-चार आठवडे ही बातमी कुणापासून लपवली जात होती? बुडालेल्या जहाजांची संख्या गुप्त ठेवणे वेगळे, आणि जहाज कशामुळे पेटले, कुणाच्या चुकीने पेटले, आपली माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे गुप्त ठेवणे वेगळे. पहिल्याला लष्करी कारण आहे. दुसऱ्याला कारण एकच दिसते, अब्रू.

हा हल्ला नव्हता. जपानी विमान आले नव्हते, पाणबुडी आली नव्हती. घरभेद्याने काही पेटवल्याचेही सिद्ध झाले नाही. चौकशी समितीने आगीचे मूळ बहुधा कापसाच्या गासड्यांत असावे असे ठरवले आणि चुकांची यादी मांडली. दारूगोळ्याखाली कापूस भरला, लाल बावटा लावला नाही, स्फोटके उतरवायला उशीर केला, वाफेचा वापर केला नाही, बंबाला वेळेवर बोलावले नाही. ज्या साम्राज्याची सारी ऐट जहाजे, बंदरे आणि शिस्त यांवर उभी होती, त्याच्या सर्वांत मोठ्या बंदरांपैकी एकात, त्याच्याच जहाजाने, त्याच्याच निष्काळजीपणाने शहर जाळले. शत्रूच्या बॉम्बची बातमी देताना सरकारला लाज वाटत नाही, उलट त्यातून लोकांचा संताप शत्रूवर वळवता येतो. पण आपल्याच यंत्रणेच्या फजितीची बातमी द्यायला जीभ जड होते.

आणखी एक गोष्ट सरकारच्या बाजूने सांगायलाच हवी. पुढे सरकारने जबाबदारी स्वीकारली. ज्यांनी मालमत्तेच्या नुकसानीचा दावा केला, त्यांना भरपाई दिली. पण दावा करायला कागद लागतो, मालकी लागते. वखारीच्या मालकाकडे खातेवही होती. वखारीत झोपणाऱ्या हमालाकडे एक वळकटी होती आणि एक तांब्या. त्याचा दावा कुणाकडे करणार? मामाआजोबांनी कधी केला नाही.

लाल बावटा आणि सेन्सॉर

या प्रकरणाचा विचार करताना एक गोष्ट मला सारखी खटकते. स्फोटानंतर बातमी लपवली, असे आपण म्हणतो. पण लपवणे स्फोटाच्या आधीच सुरू झाले होते. लाल बावटा म्हणजे तरी काय? तीही एक बातमीच. "या जहाजात धोका आहे" एवढीच ती बातमी, लाल कापडावर लिहिलेली, अडाणी माणसालाही वाचता येईल अशी. ती दिली गेली नाही. कारण काहीही असो, परिणाम असा झाला की शेजारच्या जहाजावरचे खलाशी, धक्क्यावरचे हमाल, गोदीला लागून असलेल्या चाळीतल्या बायाबापड्या यांना आपण कशाच्या शेजारी उभे आहोत हे माहीत नव्हते. धूर दिसल्यावर कामगार पांगले नाहीत. आगच लागली आहे, विझेल, असे म्हणून कित्येक जण बघत उभे राहिले. मामाआजोबा सांगत, "आम्हाला वाटलं कापूस जळतोय. आत काय आहे हे कळलं असतं, तर पाय लावून पळालो असतो."

म्हणजे १२ एप्रिलला एक बातमी दडली, ती माणसे मरण्याला कारण झाली. १४ एप्रिलनंतर दुसरी दडली, ती माणसांना हाल सोसण्याला कारण झाली. दोन्हींच्या मागे सवय एकच होती. काय चालले आहे हे ठरवणारे आम्ही, तुम्ही फक्त पोती वाहा. ज्या राज्यात लोकांना उत्तर देण्याची सवय नसते, तिथे धोक्याची सूचना देण्याची सवयही हळूहळू मोडते. आधी सरकार लोकांना सांगणे बंद करते, मग खालचा अधिकारी वरच्याला सांगणे बंद करतो, आणि शेवटी कप्तानाचा विरोध वहीत नोंदून जहाज पुढे निघते.

इतरत्र काय झाले

हे इंग्रजांपुरते नाही. २४ ऑक्टोबर १९६० रोजी सोव्हिएत रशियाच्या बायकोनूर तळावर नव्या क्षेपणास्त्राची तयारी चालू असताना ते जागेवरच पेटले. घाईने काम उरकण्याचा दबाव होता. क्षेपणास्त्र दलाचे प्रमुख मार्शल नेदेलिन स्वतः तिथे खुर्ची टाकून बसले होते. तेही जळाले आणि त्यांच्यासोबत अनेक तंत्रज्ञ आणि सैनिकही. सरकारने जाहीर केले की मार्शल विमान अपघातात वारले. बाकीच्यांच्या घरच्यांना गप्प राहायला सांगण्यात आले. खरी हकीकत सोव्हिएत नियतकालिकात छापून आली ती १९८९ साली, म्हणजे एकोणतीस वर्षांनी.

२६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. तिची पहिली खबर जगाला मॉस्कोने दिली नाही. २८ तारखेला स्वीडनमधल्या फोर्समार्क वीजकेंद्रात कामगारांच्या बुटांवर किरणोत्सार सापडला. तेव्हा विचारणा झाली आणि त्या रात्री मॉस्कोने दोन-चार वाक्यांची कबुली दिली. १ मे रोजी कीव्ह शहरात मुलाबाळांसह कामगार दिनाची मिरवणूक निघू दिली. गोर्बाचोव्ह दूरचित्रवाणीवर बोलले १४ मे रोजी. मुंबईच्या वेळी सायगाव आणि शिमला, चेर्नोबिलच्या वेळी फोर्समार्क. वाऱ्याला आणि जमिनीच्या कंपनाला सेन्सॉर लावता येत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

आणि स्वतंत्र भारतात सगळे आलबेल झाले असेही नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि पुण्यात पाणी शिरले. धरण पुरे व्हायच्या आतच त्यात पाणी भरले होते. आदल्या रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते, पण खाली पुण्यात बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. इथेही लाल बावटा उशिराच लागला म्हणायचा. फरक पडला तो नंतर. वर्तमानपत्रांनी सरकारला धारेवर धरले, विधानसभेत प्रश्न विचारले गेले, न्यायालयीन चौकशी नेमावी लागली. लोकशाहीत यंत्रे मोडत नाहीत असे नव्हे. मोडल्यावर विचारणारा असतो, एवढेच. आणि १९७५ ते ७७ या आणीबाणीच्या काळात विचारणाऱ्याच्या तोंडावर पुन्हा सेन्सॉर बसला, तेव्हा हे "एवढेच" किती मोलाचे आहे हे आपल्या पिढीने अनुभवले.

आपल्या गावापुरते

आपल्या गणेशोत्सवाच्या अंकात हा विषय कशाला, असे कुणी विचारील. सार्वजनिक गणेशोत्सवाला ज्यांनी घराबाहेर आणले, त्या लोकमान्यांना १८९७ साली अठरा महिन्यांची आणि १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली, ती वर्तमानपत्रात लिहिल्याबद्दल. लोकांनी एकत्र जमावे, बोलावे, आपल्या कारभाराची चर्चा करावी, हा या उत्सवाचा मूळ हेतू. तेव्हा या मांडवात या गोष्टीला जागा आहे.

शिवाय हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावरचाच आहे. आपल्या एका बाजूला हिरण्यकेशी, थोड्या अंतरावर घटप्रभेवरचे हिडकलचे धरण. ऑगस्ट २०१९ मध्ये काय झाले ते आपण विसरलेलो नाही. यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आले आणि कोल्हापूर-बेळगाव रस्ता बंद पडला. पूर आला की धरण फुटल्याची आवई हमखास उठते. १९४४ साली ती गडहिंग्लजच्या बाजारातून पायी यायची, आता फोनवरून क्षणात येते. तेव्हा बातमी दाबली म्हणून अफवा वाढली. आता बातमीचा पूर आहे, तरी खरी बातमी वेळेवर मिळाली नाही तर अफवा वाढतेच. किती पाणी सोडले, केव्हा सोडले, कुठल्या गल्लीत केव्हा पोचेल, हे ज्याच्या हाती आहे त्याने वेळेवर आणि स्पष्ट सांगितले, तर निम्मी घबराट तिथेच संपते. साखर कारखान्याचा बॉयलर असो, गॅसचा टँकर असो की धरणाचा दरवाजा, त्याच्या शेजारी राहणाऱ्याला लाल बावटा दिसण्याचा हक्क आहे.

आपली जबाबदारीही आहे. महाभारत लिहायला गणपती बसले, तेव्हा लेखणी थांबणार नाही अशी त्यांची अट होती, आणि अर्थ समजल्याशिवाय लिहायचे नाही ही व्यासांची अट होती. आजच्या दिवसांत पहिली अट आपण सगळेच पाळतो. बोट थांबतच नाही. दुसरी अट पाळली तर बरे.

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्या ६६ बंबवाल्यांच्या स्मरणार्थ. भायखळ्याच्या अग्निशमन केंद्रात त्यांचे स्मारक आहे. मुंबईला गेलात तर जरूर पाहा. गोदीत गाळ काढताना अलीकडे २०११ सालापर्यंत सोन्याच्या विटा सापडत होत्या. त्यांचा हिशेब नीट लागला आणि त्या ज्याच्या होत्या त्याला परत गेल्या. माणसांचा हिशेब मात्र आजही "आठशे ते तेराशे" असा मोघमच सांगावा लागतो. त्या पाचशेच्या फरकात कुणाकुणाच्या घरचे किती जण असतील? आपल्या भागातलेही असतील.

म्हणून शेवटी एक विनंती. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, देवघरातल्या पोथीत त्या काळची मुंबईहून आलेली पत्रे असतील, मनीऑर्डरच्या पावत्या असतील, तर टाकून देऊ नका. मंडळाकडे एक नक्कल द्या. घरातल्या वडीलधाऱ्यांनी गोदीच्या स्फोटाविषयी काही सांगितले असेल, तर ते लिहून ठेवा, गावाचे नाव आणि साल घालून. आमच्या आजीचे ते पोस्टकार्ड घर बदलताना हरवले. त्यातला मजकूर मला तोंडपाठ आहे, पण शिक्का कोणत्या तारखेचा होता ते आता सांगता येत नाही.

गणपती बाप्पा मोरया!